जमादार देरामान यांची चौकशी

आमच्या कुआला रंबाईच्या पोलीस ठाण्यावर जपानी विमानं आली, त्या दिवशी पेलहॅमसाहेबांनी आम्हाला अंगणात उभं केलं. "कुणीही जागा सोडायची नाही," म्हणाले. मग धक्क्यावर गेले आणि बोटीत बसले. सोबत मडम, सहा पेट्या आणि कुत्रा. पेट्या जमादार देरामाननी वाहिल्या. त्यांची बायको मिना तापाने फणफणली होती. तिला नेता येईल का, असं त्यांनी विचारलं. साहेब म्हणाले, जागा नाही. पियानो मागे राहिला, त्याचं मात्र मडमना फार वाईट वाटलं.

मिना पहिल्याच पावसाळ्यात गेली.

जपान्यांनी आमच्या टोप्यांवरचे बिल्ले बदलले. कोंबडीचोर तेच राहिले. चिनी शाळामास्तरांना न्यायला जपानी आले, तेव्हा देरामाननी मास्तरांना दारुड्या म्हणून कोठडीत झोपवलं. ते उघडकीला आलं नाही, पण नुसत्या संशयावरून देरामानचे दोन दात गेले.

युद्ध संपल्यावर साहेब सिलोनहून परतले. अंगाने भरले होते, खांद्यावर एक तारा वाढला होता. आल्याआल्या त्यांनी आमची चौकशी लावली. जमादारांची पाळी आली तेव्हा मी दाराशी पहाऱ्यावर होतो.

"जपान्यांची चाकरी का केलीस?"

"जागा सोडू नका म्हणाला होतात, साहेब."

"शत्रूची नोकरी करा, असं म्हणालो होतो का मी?"

"ते विचारायचं होतं, साहेब. पण बोट लांब गेली होती."

जमादारांचा शिपाई झाला.

दुसऱ्या दिवशी कवायतीला साहेबांनी हुकूम दिला. एक पाय हलला नाही. साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. "बहिरे झालात का?"

"नाही साहेब," माझ्या शेजारचा बचित्तरसिंग म्हणाला. "जमादारांनी सांगितलं की निघतो."

"इथे जमादार कुणी नाही!"

"मग अवघड आहे, साहेब."

साहेबांचा हात पिस्तुलाकडे गेला. मागच्या रांगेतून देरामान हळूच म्हणाले, "चला रे पोरांनो. कशाला उगाच." आम्ही निघालो. इतकी सुरेख कवायत आमच्या हातून कधी झाली नव्हती.

बोभाटा वरपर्यंत गेला. एक मोठे अधिकारी आले, चहा प्याले. देरामानना हुद्दा परत मिळाला.

"आणखी काही म्हणणं?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"पेलहॅमसाहेबांच्या चौकशीत मला साक्ष द्यायची आहे."

"साहेबांची चौकशी कुठे आहे?"

"तेच म्हणतोय मी."

अधिकारी हसले. देरामान हसले नाहीत. त्यांनी पट्टा काढून नीट गुंडाळला, टेबलावर ठेवला आणि घरी गेले. पेलहॅमसाहेबांना आफ्रिकेत बढती मिळाली.

देरामान आता मासे धरतात. एकदा मी विचारलं, "दादा, ठाण्याची आठवण येते का हो?"

"ठाण्याची नाही," जाळं सोडवत ते म्हणाले. "तिला बोटीत बसवायला मी साहेबाला विचारलं कशाला? सरळ उचलून बसवायची होती."