कॉक पेट्रोलवर होता

दगडखाणीतलं पाणी उपसायला सुरुवात झाली, आणि काही दिवसांनी आधी ट्रॅक्टरची सीट दिसली, मग स्टिअरिंगचं चाक, मग गाळानं भरलेलं बाकीचं धूड. नव्या कंत्राटदाराला खाण पुन्हा चालू करायची होती. त्यानं निरोप पाठवला: तुमचं असेल तर घेऊन जा, नाहीतर भंगारात घालतो.

निरोप मोटर वाइंडिंगच्या दुकानात आला. दुकान ट्रॅक्टरमालकाच्या मुलीचं. जळलेल्या मोटरींमधली काळी तार काढून नवी भरायची, हे तिचं रोजचं काम. ती दुसरीत असताना तिचे वडील या ट्रॅक्टरसकट खाणीत गेले होते. त्यांचा देह तेव्हा बाहेर काढला. ट्रॅक्टर काढण्याएवढी लांब साखळी कुणाकडे नव्हती. पहाटे पाऊस पडून चाकोऱ्या धुऊन गेल्या होत्या, त्यामुळे ट्रॅक्टर कुठून कुठे चालला होता ते दिसण्याची सोय राहिली नव्हती. आईनं सगळ्यांना सांगितलं, शेतावरून घरी येत होते. लोकांनी तोंडावर माना डोलावल्या आणि पाठीमागे ते वेगळं बोलले. शेवटचे काही महिने वडील कुणाशी बोलत नव्हते. कामाला जात, येत, पानावर बसत, भिंतीकडे तोंड करून झोपत. हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

आईनं त्यांचा फोटो भिंतीवर कधी लावला नाही. तो कपाटावर, पालथा, जुन्या बॅगेखाली होता.

मुलीनं मामाला फोन केला. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. जुने ट्रॅक्टर विकत घ्यायचे, बोल्ट न् बोल्ट खोलायचा, पुन्हा उभे करायचे आणि दरवर्षी रॅलीला न्यायचे, यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. कुठलाही सुटा भाग हातात आला की त्याचा पहिला प्रश्न, "ओरिजिनल आहे का?" म्हणून सगळे त्याला ओरिजिनलच म्हणत. दात तेवढे त्याचे ओरिजिनल नव्हते, आणि हे तो स्वतःच सांगत असे.

"मामा, बाबांचा ट्रॅक्टर वर आलाय."

मामा म्हणाला, "मडगार्ड दोन्ही आहेत?"

मामाच्या शेडमध्ये ट्रॅक्टर उतरवला तेव्हा त्याच्या रेडिएटरमधून अजून चिखल गळत होता. मामानं भोवती एक फेरी मारली. इंजिन जाम होतं, टायर गेले होते, पत्रा चाळणीसारखा झाला होता. त्याला भाऊजींची आठवण येत होती, पण बोलत होता तो ट्रॅक्टरबद्दल.

"ही गाडी दोन तोंडांनी प्यायची," तो म्हणाला. "थंड इंजिन रॉकेलवर पेटत नाही. म्हणून पेट्रोलवर सुरू करायची. चांगली तापली की हा कॉक फिरवून रॉकेलवर टाकायची, कारण रॉकेल स्वस्त. आणि बंद करायच्या आधी पुन्हा पेट्रोलवर. म्हणजे कार्ब्युरेटरमधलं रॉकेल जळून जातं आणि दुसऱ्या दिवशी गाडी उठते. मी हटकून विसरायचो. सकाळी हँडल मारून मारून खांदा निखळायचा. तुझा बाप? खाणीचं वळण आलं की त्याचा हात कॉकवर. वळणापासून घरापर्यंत रॉकेल संपतं, हा त्याचा हिशेब. एक दिवस चुकला नाही."

कॉक टाकीखाली होता. त्या जागी सुकलेल्या गाळाचा एक गोळा होता, मुठीएवढा.

"मग तो कॉक बघितला की कळेल," मुलगी म्हणाली.

"काय कळेल?"

"दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर सुरू करायचा त्यांचा विचार होता का, ते."

मामानं हातातला पाना खाली ठेवला. "आणि रॉकेलवर निघाला तर?"

"तर तसं. लोक बोलतात ते मी लहानपणापासून ऐकतेय, मामा. एकदा खरं काय ते कळू दे."

गोळा त्यांनी हातोडीनं फोडला नाही. त्यावर तेल सोडत राहिले, बांबूच्या काडीनं खरवडत राहिले, शेवटी मामाचा जुना टूथब्रश चालवला. आधी पितळ दिसलं, मग कॉकची मूठ. ती आपल्या जागी गच्च बसली होती. मुलीनं बॅटरी जवळ धरली. मूठ पेट्रोलच्या बाजूला होती.

"हातच्या काकणाला आरसा कशाला," मामा म्हणाला. "घरी येत होता. गाडी बंद करायच्या तयारीत होता. अंधारात वळण चुकलं, बास." मग तो ड्रमवर बसला आणि कवळी काढून रुमालानं पुसायला लागला. बराच वेळ पुसत होता.

मुलगी तशीच, हात न धुता, घरी गेली. आई चादरीची घडी घालत होती.

"आई, कॉक पेट्रोलवर होता." तिनं सगळं समजावून सांगितलं. वळण, कार्ब्युरेटर, दुसऱ्या दिवशीची सकाळ. "घरीच येत होते गं बाबा. मुद्दाम नाही केलं."

आईनं घडीचे कोपरे जुळवले. "बरं झालं," ती म्हणाली. "हात धू. चादरीला काळं लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो भिंतीवर होता. काच पुसलेली होती. मुलीला वाटलं, एवढ्या वर्षांचं काहीतरी आईच्या मनावरून उतरलं.

त्यानंतरचं काम दोघांनी हौसेनं केलं. पिस्टन सुटायला सगळ्यात जास्त वेळ लागला. रोज तेल घालायचं, रोज लाकडाच्या ठोकळ्यावर हळूच ठोकायचं, आणि रोज मामानं म्हणायचं, "आज नाही, उद्या." ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोची कॉइल मुलीनं स्वतः भरली, दुकानातल्या मोटरींपेक्षा कितीतरी बारीक तारेनं. रंग नवा द्यायला मामानं साफ नकार दिला. पत्र्याला तेल पुसलं आणि गंजाचे खड्डे तसेच ठेवले. "पाण्यात राहिलाय तर तसा दिसू दे. म्हातारीला पावडर फासून लग्नाला नेत नाहीत."

हँडल तेवढं नव्हतं. ही गाडी पुढून हँडल मारून सुरू होणारी, बॅटरी नाही की सेल्फ नाही. सीटखाली हँडल अडकवायची पट्टी होती, ती रिकामी होती. मामानं भंगारवाल्यांकडे शोधलं, एकही बसेना.

"आमच्याकडे आहे की!" मुलीला एकदम आठवलं.

घराच्या मागच्या दाराला वाऱ्यानं आपटू नये म्हणून आई एक वाकडं जड लोखंड लावत असे. त्याला ठेचकाळून पायाचा अंगठा फुटला नाही असं घरात कुणी नव्हतं. ते हँडल आहे हे मुलीला लहानपणापासून माहीत होतं, आणि माहीत होतं म्हणूनच तिनं त्याच्याकडे कधी नीट पाहिलं नव्हतं.

"आई, हँडल नेते गं."

आई भांडी पुसत होती. तिचा हात थांबला. "दाराला काय लावू?"

"आणते काहीतरी दुसरं."

"ने," आई म्हणाली.

हँडल चावी कुलपात बसावी तसं बसलं. "ओरिजिनल!" मामा ओरडला, आणि त्यानं तिला हँडल कसं धरायचं ते शिकवलं. अंगठा बोटांच्याच बाजूला, मुठीच्या वर. अंगठ्याचा वेढा घातला आणि इंजिननं उलटा झटका दिला तर मनगट गेलं. पहिल्या दिवशी घोडं कुठे पेंड खातंय ते कळेना. दुसऱ्या दिवशी इंजिन खोकलं, काळा धूर ओकलं आणि चालू झालं. मामानं तिला मिठी मारली, तेलकट कपड्यांसकट.

रॅलीला आई येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. तिनं आदल्या दिवशी आपणहून विचारलं, "किती वाजता निघायचं?"

मैदानात ट्रॅक्टर ओळीनं लावले होते. मालक घडीच्या खुर्च्या टाकून बसले होते, मधूनच उठून एखादा डाग पुसत होते. शेजारच्या ट्रॅक्टरवर इतकं पॉलिश होतं की त्यात तोंड दिसे.

"ट्रॅक्टर आहे की नवरदेव?" मामानं विचारलं.

"आणि तुमचा काय, कबरीतून उठून आलाय का?" शेजारी म्हणाला, आणि मग त्याला कुणीतरी कोपरानं ढोसलं.

परीक्षक म्हणजे एका कारखान्यातून निवृत्त झालेला फोरमन होता. सरळ माणूस. त्याला या घराबद्दल काही माहीत नव्हतं. तो टॉर्च घेऊन खाली वाकला, मॅग्नेटो पाहिला, कॉइल कुणी भरली विचारलं आणि "हात चांगला आहे" म्हणाला. मग हँडलपाशी आला आणि त्यावरून नख फिरवलं.

"सगळ्या लोखंडाला देवीचे व्रण असावेत तसे खड्डे आहेत. हे गुळगुळीत. हे पाण्यातलं नाही."

"नाहीच," मामा अभिमानानं म्हणाला. "पण आहे याच गाडीचं. ओरिजिनल. ते घरी होतं."

"घरी?" फोरमन सरळ उभा राहिला. "गाडी खाणीत आणि हँडल घरी? अहो, सेल्फ नाही याला. शेतावर बंद पडली असती तर मालकानं सुरू कशानं केली असती, फुंकर मारून?" तो हसला. "विसरला असेल बिचारा."

मामाही हसायला गेला आणि मधेच थांबला.

भाऊजी विसरत नसत. एवढ्या एका गोष्टीवर मामा-भाचीनं सगळा हिशेब मांडला होता. हँडल घरी राहिलं होतं, म्हणजे शेवटचं हँडल घरीच मारलं होतं. ट्रॅक्टर घराकडे येत नव्हता, घरातून निघाला होता. आणि घरातून निघताना कॉक पेट्रोलवरच असतो, कारण इंजिन थंड असतं. बंद करायच्या वेळेचा विचार दोघांनी महिनोन्‌महिने केला होता; सुरू करायच्या वेळेचा एकदाही केला नव्हता. मामा तर आयुष्यभर रोज तेच करत आला होता.

फोरमन पुढच्या ट्रॅक्टरकडे गेला. मुलीनं आईकडे पाहिलं. आई घडीच्या खुर्चीवर बसली होती, पर्स मांडीवर.

"तुला माहीत होतं."

आईनं नाही म्हटलं नाही. "संध्याकाळी शेतावरून आले. ट्रॅक्टर लावला. जेवले. तू झोपली होतीस. मग उठून बाहेर गेले, हँडल मारलं, गाडी सुरू केली, आणि हँडल हातात घेऊन आत आले. मागच्या दारापाशी ठेवलं. मी म्हटलं, अहो, हँडल राहिलं. म्हणाले, राहू दे, लागणार नाही."

"आणि तू?"

"मला वाटलं, जवळच जाताहेत. मी भांडी घासत होते." तिनं मांडीवरची पर्स सरळ केली. "गाडीचा आवाज वळणापर्यंत ऐकला."

"ताई, मला तरी सांगायचंस," मामा म्हणाला.

"तुला सांगून काय झालं असतं? तू म्हणाला असतास, ओरिजिनल आहे का?"

कुणी हसलं नाही.

"मी कॉकचं सांगितलं तेव्हा का नाही बोललीस?" मुलीनं विचारलं.

"त्या दिवशी 'बाबा' म्हणताना तू पहिल्यांदा खाली बघत नव्हतीस."

"आणि फोटो?"

"तुझ्यासाठी लावला. मी त्या भिंतीकडे पाठ करून बसते. तुझ्या लक्षात नाही आलं."

लाउडस्पीकरवर त्यांचा नंबर पुकारला. एकदा, मग पुन्हा.

"जा," आई म्हणाली. "लोक थांबलेत."

मुलगी पुढे गेली. कॉक पेट्रोलवर होता. तरी तिनं हात लावून पाहिला. अंगठा बोटांच्या बाजूला घेतला आणि हँडल मारलं. दुसऱ्या फेऱ्याला इंजिन लागलं. तिनं हँडल काढलं, सीटखालच्या पट्टीत अडकवलं आणि चढून बसली.

दोरीपलीकडे लोक टाळ्या वाजवत होते. निवेदक सांगत होता की हा ट्रॅक्टर पाण्याखालून आलाय, आणि कॉइल मालकाच्या मुलीनं भरलीय. मैदानाचा फेरा मोठा होता, घरापासून खाणीच्या वळणापर्यंतच्या अंतराएवढा असेल. तिचं लक्ष तापमानाच्या काट्याकडे होतं. अर्धा फेरा झाला तरी काटा हलला नव्हता. ती दोरीच्या शेवटी आली तेव्हा तो जेमतेम हलला होता. रॉकेलवर टाकण्याइतकं इंजिन तापलंच नाही. कॉकला हात लावायची वेळ आली नाही.

तिनं ट्रॅक्टर जागेवर आणला आणि बंद केला.

परत निघताना मामानं सवयीनं सुटे भाग आवरले. पट्टीतून हँडल काढून त्यानं आईपुढे धरलं. "ताई, हे घे. दाराला लागेल."

"नको," आई म्हणाली. "त्यांच्या गाडीवरच राहू दे."

मागच्या दाराला आता वीट लावतात. फोटो भिंतीवर आहे. आई अजून त्याच जागी बसते, पाठ करून, आणि हल्ली मुलगी तिच्या शेजारी बसते.