डब्यातले चिंचोके

खोटं बोलायची मले सवय नाही. मी तोंडावर बोलून मोकळी होणारी बाई, म्हणून निम्मं सासर माझ्यावर रुसून राहे. पण एकोणऐंशी साली एका पोस्टकार्डावर मी खोटं लिहिलं, आणि ते अजून गळ्याखाली उतरत नाही.

माझ्या सासूले, भागीरथाबाईले, छातीचा कॅन्सर होता. मी तिले आत्याबाई म्हणे. दर आठवड्याले कामठीहून बसचे धक्के खात नागपूरले येऊ नका, असं डॉक्टरनं सांगितलं. इंजेक्शननंतर उलट्या किती झाल्या, तोंड आलं का, ताप आहे का, हे शनिवारी लिहून पाठवायचं. पत्ता घातलेली कार्डं त्यानंच दिली होती. त्रास जास्त दिसला की तो तार करून भरतीले बोलावणार होता.

आत्याबाईले लिहिता येत नव्हतं. उलटी झाली की ती डालड्याच्या डब्यात एक चिंचोका टाके. शनिवारी डबा उपडा करून मी मोजायची आणि कार्डावर लिहायची.

त्या शनिवारी चौदा निघाले. तोंडाच्या फोडांनी पातळ वरणही आत जात नव्हतं, अंग कोमट लागत होतं. आणि सोमवारपासून माझी डी.एड.ची परीक्षा. बाळंतपणात एक वर्ष गेलं होतं, दुसरं नणंदेच्या लग्नात. आत्याबाई भरती झाली की सोबत बाईमाणूस लागणार, आणि घरात बाई म्हणजे मीच. मी लिहिलं: उलट्या तीन, तोंड ठीक, ताप नाही.

पेपर देऊन घरी आली की ती रोज विचारे, तार आली काय. मी नाही म्हणे. लाज कशी वाटली नाही मले!

गुरुवारी शेवटचा पेपर झाला. घरी आली तर आत्याबाईचं अंग तव्यासारखं तापलेलं, डोळे वर गेलेले. माझ्या नवऱ्यानं, गिरिधरनं, शेजाऱ्याची जीप आणली.

दवाखान्यात तिले जरा शुद्ध आली, तेव्हा डॉक्टर कार्ड घेऊन खाटेजवळ उभा होता. त्यानं ते मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "खरं लिहिलं असतं तर मी सोमवारीच बोलावलं असतं. कोणी लिहिलं हे?"

मी आत्याबाईच्या अंगावरची चादर सारखी करू लागली.

"मीच म्हनलं तिले, कमी लिही," आत्याबाई म्हणाली. "मले भरती व्हाचं नव्हतं."

डॉक्टर तिच्यावर रागावला. तिनं डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं. तो गेल्यावर मी तिचे पाय धरले, तर तिनं हळूच विचारलं, "पेपर कसा गेला वं, उत्तरा?"

"चांगला गेला," मी म्हणाली.

तिसऱ्या दिवशी ती गेली. मी पास झाली, नागपुरात नंदनवनच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागली. पहिलीच्या पोरांले बाकीच्या बाया चिंचोक्यांवर मोजणी शिकवतात. मी काड्या वापरते.