कूलरची लाइन

चालू

अहेरीच्या कार्यालयात भिंतींना रंग देऊन झाला आणि मग कपाटाएवढी झेरॉक्स मशीन आली. कार्यालयाच्या प्रमुख मंजुषा मॅडम. त्यांनी वायरमन नागसेनला बजावलं, "नव्या रंगावर ओरखडा नकोय."

"कूलरची जुनी लाइन आहे ना मॅडम," नागसेन म्हणाला. "या थंडीत कूलर कोण लावते? रिकामी पडून राह्यली. तिच्यावरच देऊन टाकतो."

त्याने प्लग लावला. मशीन गुरगुरली, हिरवा दिवा लागला, शिपाई रुखमाबाई पहिला कागद ठेवायला पुढे झाली, तेवढ्यात

बंद

अंधार. खिडक्यांवर रंगाऱ्यांची ताडपत्री, आणि खोल्यांचे दिवेही त्याच लाइनवर निघाले.

"काऊन पडली बा लाइन?" हा नागसेन.

धडपडत पळाली ती रुखमाबाई. कुठे, ते

चालू

नागसेनने बटण वर केलं तेव्हा दिसलं. स्टोअरमध्ये, रद्दीच्या गठ्ठ्यांमागे एक टोपली. टोपलीत भुसा, भुशात अंडी, वर पिवळा बल्ब. रुखमाबाई टोपलीवर आपली शाल धरून बसली होती.

"हे काय?" मॅडम.

"कोंबडीले मुंगसानं नेलं जी. आमच्या घरी लाइट टिकते कुठी? दोन दिवसांत फुटतीन. थंडी लागली का मेले सारे."

"सरकारी विजेवर कोंबड्या?"

"कोंबड्या कुठी जी, अंडेच आहेत अजून."

नागसेन हसला. मॅडमकडे पाहून थांबला. "लोड याचाच असन मॅडम."

"काढा तो बल्ब."

रुखमाबाईने पदराने धरून तो स्वतःच काढला आणि टोपली पोटाशी घेतली. नागसेनने पुन्हा मशीन लावली. गुरगुर. हिरवा दिवा. मॅडमच्या चेहऱ्यावर समाधान पसरणार, तोच

बंद

"आता?" मॅडम.

"आता कोण खाऊन राह्यलं लाइन?" नागसेन.

"माहा बल्ब तं माह्या हातात आहे," रुखमाबाई म्हणाली. "गरम आहे अजून."

नागसेनने मोबाइलचा टॉर्च लावला आणि भिंतीवरच्या वायरच्या पट्टीमागोमाग चालू लागला. पट्टी स्टोअरमधून निघाली, दारावरून वळली, मॅडमच्या खोलीत शिरली, मॅडमच्या टेबलाखाली गेली. नागसेनही गेला. लवकर बाहेर येईना.

"नागसेनभाऊ, काय आहे तिथी?"

"हीटर आहे," टेबलाखालून आवाज आला. "मोठाला."

मॅडम रत्नागिरीच्या. त्या दिवसभर खुर्चीवरून हलत नाहीत, ते कामाच्या धबडग्यामुळे, असं सगळ्यांना वाटायचं.

"मॅडम," रुखमाबाई अंधारात हळूच म्हणाली, "तुमचे बी अंडे आहेत का जी खाली?"

मग प्लग ओढल्याचा आवाज आला, आणि मॅडमचा: "बल्ब लावा."

चालू

बल्ब लागला. नागसेनने श्वास रोखून मशीन सुरू केली, रुखमाबाईने कागद ठेवला, दुसऱ्या बाजूने त्याची प्रत आली आणि हे वाक्य एकदाचं पूर्ण झालं.

"हीटरले वेगळी लाइन टाकू का मॅडम? भिंत फोडा लागन."

"नको!"

दुसऱ्या दिवशी मॅडम फायली घेऊन स्टोअरमध्ये आल्या. इथे उजेड बरा आहे, म्हणाल्या. चपला काढून त्यांनी पाय टोपलीशी नेले. रुखमाबाईने टोपली थोडी त्यांच्याकडे सरकवली.

तिसऱ्या दिवशी सह्या चालू असताना रुखमाबाई एकदम वाकली.

"मॅडम, पाय बाजूले घ्या जी. फुटून राह्यलं एक."

मॅडमची सही अर्ध्यावर थांबली. या वेळी दिवा गेला नव्हता.