संडासाच्या पाइपातली वांगी

माझा दमा बळावला तेव्हा मुलानं आम्हा दोघांना असोद्याहून उचललं, जळगावला दवाखान्याशेजारच्या फ्लॅटमध्ये आणून ठेवलं आणि स्वतः भुसावळला रेल्वेच्या नोकरीवर निघून गेला. माझी तक्रार फक्त जिन्याबद्दल होती. आमच्या हिची, भिकुबाईची, वांग्याबद्दल होती. चातुर्मासात वांग्याला हात लावायचा नाही, चंपाषष्ठीला घरच्या वांग्याचं भरीत खंडोबाला दाखवायचं आणि मगच खायचं, हा तिचा चाळीस वर्षांचा नेम. तिकडे असोद्याला वाटेकऱ्यानं आमचं शेत बांधापासून बांधापर्यंत केळीनं भरून टाकलेलं.

"बाजारचं वांगं देवाले नाही चालत," ती म्हणाली. "औंदा घरचं नाही झालं तर मी असोद्याले जाते. तुम्ही राहा डॉक्टरजवळ."

ही कधी धमकी देत नाही, ठरलेलं तेवढं सांगते. मी घाबरलो, कबूल करतो.

बिल्डिंगमागे प्लंबर झुलालनं बांधकामातले उरलेले पाइपाचे तुकडे टाकून दिले होते. मांडीएवढे जाड, हातभर लांब. त्यातले सात मी उचलले, बुडाशी गोणपाट बांधलं, माती-शेणखत भरून गच्चीवर उभे केले.

"हे कशाचे?" हिनं विचारलं.

"संडासाच्या लाइनचे."

"वापरेल हायेत?"

"कोरे."

तिनं पदराची गाठ सोडून बी काढलं.

कार्तिकात झाडांना हिरवी, चांगली भरताजोगी वांगी लटकली आणि तळमजल्यावरच्या कमलबाईंना पाइप ओळखू आला. चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी शुद्धीसाठी नळाच्या पाण्याचा तांब्या घेऊन त्या गच्चीवर आल्या. मागून सगळी बिल्डिंग.

"नाना, संडासाच्या पाइपातलं देवाला? अहो, गच्ची बाटली." त्यांच्या मते गच्चीखालचे तिन्ही मजलेही बाटले होते. संध्याकाळपर्यंत पाइप खाली फेकायचे, असं एकमतानं ठरलं. माझं मत कोणी विचारलं नाही. भिकुबाई खाली घरात गेली आणि तिनं माळ्यावरची ट्रंक काढली. तो आवाज मला वरपर्यंत ऐकू आला. असोद्याची तयारी.

मी झुलालला बोलावणं धाडलं. पाइप कोरे होते एवढं त्यानं चारचौघांत सांगितलं तरी पुरे, असं मला वाटलं. झुलाल धुळ्याकडचा, सरळ माणूस. विचारलं त्यापेक्षा थोडं जास्तच सांगतो.

"बठ्ठा पाइप कोरा व्हता," तो म्हणाला. "तुमनी पाण्यानी टाकीना पाइप कमी पडना. मंग ह्याच पाइपना मोठा तुकडा तठे लाया. दोन वरीसपाईन त्यानंच पाणी पी ऱ्हायनात तुम्ही."

म्हणजे दोन वर्षं सगळी बिल्डिंग संडासाच्याच पाइपातून आलेलं पाणी पीत होती. कमलबाईंनी हातातला तांब्या कठड्यावर ठेवला आणि त्यातल्या पाण्याकडे वाकून पाहिलं.

"पण कोरा होता ना?" त्यांनी विचारलं.

"कोरा."

"मग प्रश्नच नाही. भिकुअक्कांना विचारा, भाकरी किती करू?"

चंपाषष्ठीला कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली. खंडोबानं काही हरकत घेतली नाही. कमलबाईंनी भरीत दोनदा मागून घेतलं. सगळ्यात मोठं वांगं मात्र भिकुबाईनं झाडावरच ठेवलं होतं.

"हे का नाही तोडलं?"

"बियाले."

"असोद्याला न्यायला?" माझा आवाज चिरकला. दम्याचा काही संबंध नव्हता.

ती भांडी गोळा करत राहिली.

"झुलालले इचारा," ती म्हणाली, "आणखी कुठं संडास बांधू रायला का."