धरून ठेवलेली फाइल

डिस्क शहाण्णव टक्के भरली होती आणि ती कशानं भरली ते काकांना सापडत नव्हतं.

एकेक फोल्डर उघडून त्यांनी फायलींचे आकार पाहिले. सगळ्यांची बेरीज डिस्कच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीही होईना. चष्मा पुसून त्यांनी पुन्हा बेरीज केली. खोलीत सामान दिसत नाही आणि पाय ठेवायला मात्र जागा नाही, असला हा प्रकार होता. काका घाबरले. तसे ते वरचेवरच घाबरत. नुसता फोन वाजला तरी घाबरत.

संस्थेची हेल्पलाइन होती. घरात मार खाणाऱ्या, धाकात राहणाऱ्या बायका तिच्या वेबसाइटवर येऊन समुपदेशक मुलींशी लिहून बोलत. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं की तुम्ही इथे आल्याची खूण आम्ही एका दिवसापेक्षा जास्त ठेवत नाही. वाक्य संस्थेचं होतं. ते पाळायचं काम काकांचं. वेबसाइट चालवणारा सर्व्हर येणाऱ्या प्रत्येकीची एक ओळ लिहून ठेवतो, किती वाजता आली, कुठल्या इंटरनेट जोडणीवरून आली, काय उघडलं. त्या ओळींच्या फाइलला लॉग म्हणतात. रोज पहाटे चालू लॉग बाजूला काढायचा, त्याच्या जागी कोरा ठेवायचा आणि आदल्या दिवशीचा पुसून टाकायचा, असा नियम काकांनी मशीनला लावून दिला होता. मुली त्यांना खोडरबरकाका म्हणत. चहा देताना, लवकर घ्या नाहीतर तोही पुसून टाकाल, असं म्हणून हसत. काकाही हसत. चिडवलेलं त्यांना आवडायचं, पण उत्तर सुचायचं ते घरी गेल्यावर.

मुलींची प्रमुख ताई आत आली आणि तिनं दार लोटून घेतलं. तिला धाप लागली होती. एका बाईनं घर सोडलं होतं. नवरा तिला शोधत होता आणि तो नेमका संस्थेच्या अध्यक्षांच्या ओळखीचा निघाला. बायको या वेबसाइटवर लिहायची हे त्याला कळलं होतं. आज तो कॉम्प्युटरमधला एक जाणकार घेऊन मशीन बघायला येणार होता. कोर्टाचा कागद नाही, पोलीस नाहीत. अध्यक्षांनी कुणाला न विचारता हो म्हणून टाकलं होतं. बाई जिथे लपली होती तिथूनच रोज लिहीत होती. आत्ताही शेजारच्या खोलीत तिचं चॅट चालू होतं.

"काका, आपल्याकडे काही नसतंच ना?" ताईनं विचारलं.

"नसतं," काका म्हणाले. "मी रोज बघतो."

ताईचा चेहरा सैल झाला. त्यांच्या खांद्याला हात लावून ती गेली. तो विश्वास पाहूनच काकांना भीती वाटली. त्यांच्या एका शब्दावर इतकं निर्धास्त कुणी होऊ नये असं त्यांना नेहमी वाटे.

मग त्यांच्या डोक्यात एक शंका आली. पुसलेल्या, पण कुणीतरी अजून उघड्या धरून ठेवलेल्या फायली दाखवणारी एक कमांड असते. ती त्यांनी दिली. एकच ओळ आली. फाइलचं नाव जुन्या लॉगचं होतं आणि पुढे 'पुसलेली' असा शेरा होता. तिचा आकार पाहून काकांनी खुर्चीचा हात धरला.

गेल्या वर्षी हे नवं मशीन आलं तेव्हा त्यांनी नियम स्वतः लिहिले होते. त्यात एक पायरी राहून गेली होती. जुनी फाइल काढल्यावर सर्व्हरला सांगावं लागतं की बाबा, ती सोड आणि ही नवी घे. ते कुणी सांगितलंच नव्हतं. नियमानं पुसलं होतं फक्त फाइलचं नाव. सर्व्हर तीच फाइल मुठीत धरून वर्षभर तिच्यात लिहीत राहिला होता. नव्या फाइलमध्ये एक अक्षर पडलं नव्हतं. काका रोज सकाळी आल्या आल्या ती उघडून बघत, कोरी दिसली की समाधानानं मिटत. इतक्या सकाळी ती कोरीच असायची असा त्यांचा समज. दुपारी एकदा तरी उघडायचं त्यांना सुचलं नव्हतं.

त्यांनी धरलेल्या फाइलच्या शेवटच्या ओळी उघडल्या. एकाच जोडणीचा नंबर पुन्हा पुन्हा येत होता, त्या बाईचाच असणार. आजची वेळ, कालची वेळ, परवाची. आकडे नीट वाचायच्या आत त्यांनी फाइल मिटली. इंटरनेट कंपनीत ओळख असलेल्या माणसाला त्या आकड्यांवरून घर शोधायला एक दिवस पुरला असता.

उपाय एका ओळीचा होता. सर्व्हरला फाइल सोडायला सांगायचं, सोडली की ती कायमची जाणार. चॅटलाही धक्का लागणार नव्हता. काकांनी ओळ टाइप केली आणि फोन वाजला.

अध्यक्ष होते. ते लोक येईपर्यंत मशीनला हात लावायचा नाही, आहे तसं राहू द्यायचं, असं त्यांनी सांगितलं.

"हो साहेब," काका म्हणाले.

हो त्यांच्या तोंडून आपोआप निघायचं. आणखी बारीक करू का, असं न्हाव्यानं विचारलं तरी ते हो म्हणत आणि मग महिनाभर टोपी घालून फिरत. फोन ठेवून त्यांनी पडद्यावरच्या ओळीकडे पाहिलं. एक बटण दाबायचं राहिलं होतं. त्यांचं बोट त्या बटणावर गेलं आणि तिथून उठलं. हात लावू नका म्हटलेलं असताना लावला तर काय होईल, ते त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. मग न लावला तर काय होईल, तेही आलं. बाहेर पावलं वाजली तशी त्यांनी घाईघाईनं एकेक अक्षर खोडून ओळ पुसून टाकली.

तिघं आत आले. अध्यक्ष, चष्मा लावलेला एक तरुण जाणकार आणि तो नवरा. नवरा तर अगदी सभ्य दिसत होता. आवाज मऊ. त्रास देतोय, माफ करा, म्हणाला. बोलता बोलता त्यानं काकांच्या टेबलावरची पेनं एका रेषेत लावली. एक तिरकं राहिलं होतं, तेही बोटानं सरळ केलं. काकांना त्या पेनांकडे बघवेना.

चष्मेवाल्यानं बसायला जागा मागितली आणि काका उठले. आपण उठलो हे त्यांना उठल्यावर कळलं.

त्यानं लॉगचं फोल्डर उघडलं. आत एक रिकामी फाइल होती. काही नाही, असं तो म्हणाला. अध्यक्षांनी सुटकेचा श्वास टाकला. नवरा पडद्याकडे पाहत राहिला. जाता जाता बघावं तशी चष्मेवाल्यानं डिस्क पाहिली आणि तो थांबला. फोल्डर रिकामं आणि डिस्क एवढी भरलेली कशी, हे तो पुटपुटला. त्याची बोटं पुन्हा कीबोर्डवर गेली. पहिली दोनच अक्षरं उमटली आणि ती कुठली कमांड आहे ते काकांनी ओळखलं.

"मला जरा बसू द्या," काका म्हणाले.

आवाज इतका बारीक निघाला की अध्यक्षांनी काय म्हणून विचारलं. डिस्क भरली की चॅट बंद पडेल, पलीकडे बायका बोलतायत, एक मिनिट द्या, असं काहीतरी काका अडखळत बोलले. चष्मेवाल्यानं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले आणि खुर्ची मागे घेतली.

काकांनी उभ्यानंच ओळ टाइप केली. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा जमली आणि त्यांनी बटण दाबलं. डिस्क एकतीस टक्क्यांवर आली. वर्षभर कोऱ्या राहिलेल्या फाइलमध्ये पहिली ओळ पडली. मग त्यांनी नियमांत राहिलेली पायरी लिहिली, तो नियम एकदा चालवून घेतला, ती पडलेली ओळही पुसली आणि ते कीबोर्डपासून मागे सरले.

अध्यक्षांनी काय केलंत म्हणून विचारलं.

"आपण ठेवत नाही म्हणतो, ते राहिलं होतं," काका म्हणाले. "पुसलं."

"आणि मी काय सांगितलं होतं?"

"हात लावू नका म्हणालात."

नवऱ्यानं चष्मेवाल्याला परत काढता येईल का ते विचारलं. नाही, आता काही नाही, असं चष्मेवाला म्हणाला आणि आपली बॅग आवरू लागला. तो पुन्हा काकांकडे बघेना. उद्यापासून येऊ नका, एवढं अध्यक्ष म्हणाले. नवरा मात्र शांतपणे काकांजवळ आला.

"काका, राहायला कुठं आहात तुम्ही?"

काकांनी सांगितलं. गल्ली, घराचा नंबर, कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान, सगळं ओळीनं सांगितलं. विचारलं की सांगायचं, ही सवय. दुकानापर्यंत आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, पण तोवर सांगून झालं होतं. नवऱ्यानं मान डोलावली आणि आभार मानले.

जाण्यापूर्वी काकांनी ताईला बोलावून खरं काय ते सांगितलं. वर्षभराचं सगळं राहिलं होतं, आज गेलं. ताई भिंतीला टेकली.

"वर्षभर? मी प्रत्येकीला सांगत होते, काका."

आतून मुलीनं हाक मारली, बाई ताईंना विचारतेय म्हणून. ताईनं तोंडावरून हात फिरवला आणि मागे न बघता ती आत गेली.

काका घरी आले तेव्हा दिवस मावळत होता. बायकोनं लवकर कसे म्हणून विचारलं. बरं नाही का, ते विचारलं. काका बरं आहे म्हणाले आणि बाहेरच्या खोलीत खिडकीशी बसले. समोर, औषधांच्या दुकानाशी, एक गाडी येऊन थांबली. काच खाली होती. आत तोच होता, एकटा. त्यानं खिडकीकडे पाहिलं आणि इंजिन बंद केलं.

उठून आतल्या खोलीत जावं, दाराला कडी आहे का ते बघावं, असं काकांना वाटलं. ते उठले, कडी लावली आणि परत खिडकीशी आले.

"अहो, अंधार पडला. पडदा ओढा ना," बायको आतून म्हणाली.

काकांनी गाडीकडे पाहिलं. ती इथे होती. इथे आहे तोवर ती आणखी कुठल्या दारापुढे उभी नव्हती.

"राहू दे," ते म्हणाले. त्यांनी दिवा लावला आणि रस्त्यावरून आपण नीट दिसू अशा बेतानं खुर्ची खिडकीजवळ सरकवून घेतली.