तळातून मनोरा दिसत नाही

"आई, मोत्तो?" अजून ओढू का, असं साराने जपानीत विचारलं.

"ओढ. श्वास अडकेपर्यंत ओढ."

काळ्या कापडाचं एक टोक साराच्या हातात, दुसरं वनिताच्या कमरेला. गिरक्या घेत वनिता लेकीच्या दिशेने सरकत होती आणि पट्टा कमरेवर चढत होता. साराच्या वेळी बाळंतपणात वनिताच्या आईने असाच पोटपट्टा आवळला होता, तेव्हा ती किती कुरकुरली होती. आता कमरेला तेवढाच आधार होता. वृद्धाश्रमातली सकाळची ड्यूटी करून ती तशीच एदोगावातल्या या बागेत आली होती. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, माणसं उचलून उचलून खांदे भरून आले होते. आता त्याच खांद्यांवर आणखी एक बाई उभी राहणार होती. हौसेला मोल नसतं म्हणतात. म्हणणाऱ्यांची पाठ दुखत नसावी.

हौस तशी साराची. कॅटलोनियाहून आलेली, इथे स्पॅनिश शिकवणारी नूरिया शनिवारी शाळेच्या जिममध्ये माणसांचे मनोरे रचायला शिकवायची. सगळ्यात वर चढायला हलकं, न घाबरणारं पोर हवं होतं, ते सारा. तळाला दणकट माणसं हवी होती. लेकीला सोडायला आलेल्या वनिताचे खांदे पाहून नूरियाने तिला दारातच धरलं.

नूरियाच्या गावी दोनशे वर्षं हे मनोरे पुरुषच रचत आले. तिची आजी बायकांच्या घोळक्यात कडेला उभी राहून बघायची. चाळीसेक वर्षांपूर्वी बायका आत शिरल्या आणि मनोरे आणखी उंच गेले. हे ऐकून वनिताला हसू आलं होतं. डोंबिवलीच्या त्यांच्या चाळीत दहीहंडीला बायकांचं काम एकच, गॅलरीतून गोविंदांवर पाणी ओतायचं.

"मग तुमचे लोक उतरतात कसे?" नूरियाने विचारलं होतं.

"उतरतात कुठे? हंडी फुटली की सगळे धडाधड खाली."

नूरियाने कपाळाला हात लावला. त्यांच्याकडे नुसता चढवलेला मनोरा अर्धाच धरतात. सगळी माणसं सुखरूप जमिनीवर आली की तो पुरा.

वर पोचलेलं पोर एक हात आकाशाकडे उंच करतं. लोक जमतात ते तेवढ्यासाठीच, आणि तळाच्या माणसाला नेमकं तेवढंच दिसत नाही. मान खाली, कॉलर दातांत, चहूबाजूंनी चिकटलेली माणसं. वर हात गेला की सनईसारख्या वाद्याची चाल बदलते, त्यावरून काय ते समजायचं. इतक्या दिवसांत वनिताने साराचा हात एकदाही पाहिला नव्हता. नवरा, चंद्रशेखर, कोबेच्या प्रोजेक्टवरून घरी आला असला की व्हिडिओ काढायचा. पण तो बघणं म्हणजे लग्नाला न जाता अल्बम चाळणं. आणि आज शेवटचंच होतं. सारा अंगाने वाढली होती, यापुढे वर दुसरं पोर चढणार होतं.

"वनिता-सान." नूरिया जवळ आली. दोघींची जपानी सारखीच मोडकी, म्हणून छान जमायचं. "आज तुम्ही बाहेर थांबा. बघा एकदा तरी. तुमच्या जागी हारादा-सान उभे राहतील."

बघायचं होतं वनिताला, फार बघायचं होतं. तिने हारादा-सानांकडे पाहिलं. निवृत्त पोस्टमन, देवमाणूस. ते तयारही होऊन बसले होते. ते उठले, आणि उठताना त्यांचा हात उजव्या गुडघ्यावर गेला. म्हाताऱ्या गुडघ्यांशी तिची रोजची गाठ होती. चारचौघांत ते बोलून दाखवणं बरं दिसलं नसतं.

"राहू दे," ती म्हणाली. "पट्टा बांधून झालाय. परत कोण सोडणार?"

साराने ऐकलं. ती हेल्मेट बांधायला निघून गेली.

वनिताने कॉलर दातांत धरली. खांद्यांवर एक बाई चढली, तिच्यावर दुसरी, आणि ओझं हाडापर्यंत पोचलं. मग डाव्या खांद्यावर एक हलकं, ओळखीचं पाऊल पडलं आणि वर गेलं. खाली कुणाच्या तरी बुटाची सुटलेली नाडी तेवढी दिसत होती. चाल बदलली. बाहेर लोक ओरडले. वनिता नाडीकडे बघत राहिली. उतरताना ओझं हेलकावे खाऊ लागलं, मांड्या थरथरल्या, पण ती हलली नाही. शेवटचं माणूस जमिनीवर आलं तेव्हा तिला रडू फुटलं. दमणुकीने, असं तिने स्वतःला सांगितलं.

घरी जाताना वनिता सायकल ढकलत होती. सारा पुढे चालत होती.

"मिता?" पाहिलंस का, साराने मागे न बघता विचारलं.

"नाही गं. चाल ऐकली."

पुढे सिग्नल नसलेलं क्रॉसिंग होतं. इथे लहान पोरांना रस्ता ओलांडताना हात वर करायला शिकवतात. साराने ते केव्हाच सोडलं होतं, बाळांचं काम म्हणून. एक गाडी येऊन थांबली. साराने उजवा हात सरळ आकाशाकडे उंच केला, बोटं ताणून पसरली, आणि ती सावकाश चालू लागली.

वनिता हँडल धरून अलीकडेच उभी राहिली. गाडीवाला तिलाही जायची खूण करत होता. पलीकडे पोचल्यावरही साराने हात लगेच खाली घेतला नाही.