न सांगता दिलेली गादी

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मीनाक्षीताई चौसाळकरांना रोज सकाळी अंगावर लाल गांधी दिसू लागल्या. डाव्या दंडावर तीन, मानेवर दोन, अगदी ओळीनं. खाज अशी की भाजी चिरता चिरता सुरी खाली ठेवून खाजवत बसावं.

"डास असतील," केशवराव म्हणाले. त्यांना स्वतःला काहीच होत नव्हतं.

"डास ओळीनं चावतात का?"

मग पित्त ठरलं. वांगं बंद झालं, दाण्याचं कूट बंद झालं, कपड्यांची पावडर बदलली. त्वचेच्या डॉक्टरांनी मलम लिहून दिलं आणि उन्हाळ्यात असं होतं म्हणाले. बारा दिवस असेच गेले. एका दुपारी चादर बदलताना ताईंना कडेला गंजाच्या ठिपक्यांसारखे बारीक डाग दिसले. त्यांनी गादी उचलून शिवण उलटी केली. मसुराच्या डाळीएवढा, चपटा, तपकिरी! बोटानं चिरडला आणि लहानपणी हुंगलेला तो वास आला. ढेकूण! एक नाही, दोन नाही. शिवणीत रांग लागलेली, आणि सागवानी दिवाणाच्या खाचेतही.

कुठून आले, ते मृण्मयीला फोन केल्यावर कळलं. ती पुण्यात नोकरीला होती. सुट्टीला आली तेव्हा तिची बॅग आठवडाभर याच दिवाणावर होती.

"अगं आई, आमच्या पीजीत झाले होते मागं. सगळ्याच मुलींच्या खोल्यांत. तुला सांगायचं राहूनच गेलं."

"बरं. आता बॅग उन्हात टाक हो," असं म्हणून ताईंनी फोन ठेवला. लेकीला एका शब्दानंही त्या रागावल्या नाहीत. मुलगी परगावी राहते, होतं असं.

पण हे शेजाऱ्यांना कळलं तर? चौसाळकरांकडे ढेकूण! सिडकोतल्या त्या सोसायटीत मीनाक्षीताईंच्या घराची टापटीप लोक एकमेकांना दाखला म्हणून सांगत. त्यातून मृण्मयीच्या होणाऱ्या सासरची माणसं महिनाअखेरीस नागपूरहून मुक्कामाला येणार होती. ताईंनी औषध फवारणाऱ्या सर्जेरावांना फोन केला आणि बजावलं, "साध्या कपड्यांत या. गाडी मागच्या गल्लीत लावा. कुणी विचारलंच तर वाळवीसाठी आलो म्हणा."

वाळवी लागलेली चालते. तिच्यात अब्रू जात नाही.

सर्जेरावांनी दोन वेळा येऊन घर फवारलं. जाताना म्हणाले, "मॅडम, दिवाणाला अजून दोनदा औषध मारावं लागंल. अन् ही गादी कुणाला देऊ नका बरं. शिवण उसवून जाळून टाका. कापसात अंडी ऱ्हातात."

पण गादी जाळायची कुठे? खाली आवारात धूर झाला की दहा जण विचारणार. ताईंनी गादी आणि दिवाण दिवसभर गच्चीवर टाकला. मे महिन्याचं ऊन. फरशीवर पाय ठेववत नव्हता. 'एवढ्या उन्हात काय जगणार आहे?' त्या स्वतःशी म्हणाल्या. सर्जेरावांचे शब्द त्यांना आठवत नव्हते असं नाही. ते आठवू नयेत, अशी त्यांची इच्छा होती.

दुसऱ्या दिवशी रत्नमाला कामाला आली. रत्नमाला मगरे मुकुंदवाडीत राहायची आणि नऊ वर्षं त्यांच्याकडे काम करत होती. तिची मुलगी रूपा बारावी झाली होती, नर्सिंगच्या प्रवेशासाठी अभ्यास करत होती. जमिनीवर बसून पोरीची पाठ धरते, असं रत्नमाला मागे एकदा बोलली होती.

"रत्नमाला, हा दिवाण आणि गादी तुझ्या रूपासाठी घेऊन जा. आम्हाला नवा बॉक्सचा पलंग घ्यायचाय."

रत्नमालानं दिवाणावरून हात फिरवला. "काकू, एवढा चांगला सागवानी? मृण्मयीताईला ऱ्हाऊ द्या की."

"अगं, तिला कशाला? घेऊन जा म्हणते ना."

रत्नमालाचे डोळे भरून आले. संध्याकाळी तिचा दीर टेम्पो घेऊन आला. रात्री जेवताना केशवरावांनी विचारलं, "तिला सांगितलंस ना, त्यात काय होतं ते?"

"सांगितलं हो," मीनाक्षीताई म्हणाल्या आणि ताटात वरण वाढू लागल्या.

नागपूरची माणसं आली, घर बघून खूश होऊन गेली. लग्नाची तारीख ठरली. ताईंच्या अंगावरच्या गांधी केव्हाच गेल्या होत्या.

जुलैत एके दिवशी रत्नमाला भांडी घासत होती. पदर सरकला आणि तिच्या मानेवर ताईंना दिसल्या तीन गांधी. ओळीनं!

"हे काय गं?" ताईंच्या तोंडून निघून गेलं.

"डास लई झालेत काकू आमच्याकडं."

हीच वेळ होती बोलायची. एक वाक्य पुरलं असतं. ताईंनी काय केलं? कपाटातलं उरलेलं मलम आणून तिच्या हातात दिलं. "हे लाव. मला गुण आला होता." रत्नमालानं ती ट्यूब कपाळाला टेकवून पिशवीत ठेवली.

पुढे ऑगस्टात कळलं की डास नव्हते. रत्नमाला रोज थोडं थोडं सांगायची. नळाला आठव्या दिवशी पाणी. त्यातलंच निम्मं पाणी उकळून ती अंथरुणं त्यात बुडवत होती. शेजारच्या आवडाबाईंकडून आले असणार म्हणून तिचं त्यांच्याशी कडाक्याचं भांडण झालं होतं. वीस वर्षांचा शेजार, एका ताटात जेवलेल्या बायका; बोलणं टाकलं. मीनाक्षीताई ऐकत राहिल्या. जितका उशीर झाला तितकं बोलणं जड झालं. आता सांगावं तर 'आधी का नाही सांगितलंत?' याला उत्तर काय?

सप्टेंबरात रूपाला प्रवेश मिळाला. जालना रोडवर, शेंद्र्याच्या पुढं एका नर्सिंग कॉलेजात. हॉस्टेल सक्तीचं, अंथरूण आपलं न्यायचं. रूपानं दिवाणावरची गादीच नेली. रत्नमालानं पेढे आणले. पंधरा दिवसांनी ती आली ती तोंड सुजलेलं घेऊन. स्वयंपाकघराच्या दारातच ती खाली बसली.

"काकू, पोरगी परत आली."

"म्हणजे?"

"गादीत ढेकूण निघाले. मी चार चार वेळा उन्हात टाकली हुती, तरी बी निघाले. पोरींनी गादी उचलून व्हरांड्यात फेकली. म्हणल्या, वस्तीतून घाण घेऊन आली, आता आमच्या बी अंगाला लावती का? रातभर व्हरांड्यात बसून होती माझी रूपा. आता म्हणती मी जात नाय. शिकायचंच नाय मला." रत्नमालानं तोंडात पदर कोंबला. "आमच्या घरात कधी एक ढेकूण नव्हता, काकू! माही सासू तर जमिनीवर सांडलेलं बी उचलून खावं असं घर ठेवती. कुठून आले, काय कळंना!"

त्या दिवशीही मीनाक्षीताई बोलल्या नाहीत. पण रात्री केशवरावांना त्यांनी सगळं सांगितलं. आपण खोटं बोललो होतो, हेही.

केशवरावांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? चूक जिच्याबाबत झाली, ती तिकडे आहे."

दुसऱ्या दिवशी त्या मुकुंदवाडीला गेल्या. नऊ वर्षांत पहिल्यांदाच. पत्त्यासाठी दोन ठिकाणी विचारावं लागलं. दोन खोल्यांचं घर, समोर निगुतीनं झाडलेला ओटा, मांडणीवर पितळी-स्टीलची भांडी लख्ख. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, त्यांच्यावर धुळीचा कण नाही. दोरीवर सगळी अंथरुणं वाळत होती. ताईंच्या स्वतःच्या घरात इतकी स्वच्छता नव्हती, हे त्यांना तिथल्या तिथं दिसलं.

रत्नमालाच्या सासूबाई, भामाबाई, ओट्यावर गहू निवडत होत्या. जन्मभर बांधकामावर पाट्या वाहिलेली म्हातारी. पाठ वाकलेली, नजर सरळ.

"या बाई, बसा. सूनबाई, पाणी आण."

मीनाक्षीताई बसल्या नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "भामाबाई, ते ढेकूण माझ्या घरातून आलेत. त्या गादीतून. मला माहीत होतं. फवारणाऱ्यानं सांगितलं होतं, कुणाला देऊ नका म्हणून. तरी मी दिली."

रत्नमाला पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली होती. ती तिथंच थांबली. आत रूपा भिंतीला टेकून बसलेली. तिनं मान वर केली.

भामाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "मला ठावं होतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"दिवाण आला त्याच्या धा-बारा दिसांत सुरू झालं. म्हातारं माणूस काय येडं असतं व्हय? मी हिला म्हणलं, हे त्या गादीतून आलंय. तर ही माह्यावर चिडली. म्हणली, आत्या, काकू तसं कधी करायच्या नाय. असतं तर सांगितलं असतं त्यांनी. तुमच्यावर इस्वास ठेवला अन् माहं तोंड बंद केलं. मग आवडाबाईला भांडली, पर तुमचं नाव काढू दिलं नाय."

 मीनाक्षीताई ओट्याच्या कडेला बसल्या. "मी नवी गादी आणून देते. नवा पलंग देते."

"गादीचं राहू द्या हो!" म्हातारीचा आवाज चढला. "गादी आमची आम्ही घेऊ. जुनं देणं वाईट नाय, बाई. घेणं बी वाईट नाय. तुम्ही म्हणल्या असत्या, भामाबाई, यात ढेकूण झालेत, दिवाण चांगला हाय, औषध मारून वापरता का? आम्ही इचार केला असता. घेतला असता, नाय तर नाय म्हणलो असतो. पर तुम्ही इचारलंच नाय. तुमच्या लेकीला जे चालत नाय, ते माह्या नातीला चालतंय, हे तुम्ही आमच्या वतीनं ठरवून टाकलं. कामून?"

भामाबाईंनी सूप पुन्हा पुढ्यात ओढलं.

"माह्या सासूच्या वक्ताला गावात उष्टं-शिळं मागून आणायचे. बाबासाहेबांचं ऐकलं अन् सगळ्या वाड्यानं एका दिसात सोडलं. चार घरी उपास पडले, पर कुणी हात पसरला नाय. तवापासून आमच्यात वस्तू बघून घेत नाय, देणाऱ्याचं मन बघून घेतात. हिनं तुमचं मन बघून घेतलं हुतं."

 रत्नमालानं तांब्या ताईंच्या पुढ्यात ठेवला आणि आत निघून गेली. ते निघून जाणं ताईंना म्हातारीच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

"मी काय करू, भामाबाई? तुम्हीच सांगा."

"पोरीवर नाव आलंय, ते पुसा. तुम्ही लावलंय, तुम्हीच पुसायचं. हॉस्टेलात चला अन् त्या पोरींसमोर बोला, आत्ता मला बोलल्या तसं. निघतांना आवडाबाईला बी सांगून जा."

मीनाक्षीताई आधी शेजारच्या दारात गेल्या. आवडाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "बरं झालं सांगितलं. मला वाटलं हुतं, मरेपर्यंत बोलायची नाय ती."

दुसऱ्या दिवशी त्या, रूपा आणि भामाबाई हॉस्टेलला गेल्या. रेक्टरबाईंनी मुलींना जेवणाच्या हॉलमध्ये बोलावलं. वीस-बावीस मुली. ज्या अब्रूसाठी ताईंनी सर्जेरावांची गाडी मागच्या गल्लीत लावली होती, तिचा त्या हॉलमध्ये त्यांनी स्वतःच्या तोंडानं निकाल लावला.

"मी सिडकोत राहते. माझे यजमान मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेत. ते ढेकूण माझ्या घरातले आहेत. माझ्या मुलीच्या बॅगेतून आले, मी ते लपवले आणि न सांगता गादी रूपाच्या घरी दिली. तिच्या घराएवढं स्वच्छ घर मी पाहिलेलं नाही. तुम्ही जे रूपाला बोललात, ते मला बोला."

 मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठून रूपापाशी आली, "माझ्या खोलीत राहतेस का?" म्हणाली आणि रडायला लागली. रेक्टरबाईंनी सगळ्या खोल्या फवारून घ्यायचं ठरवलं. रूपा राहिली.

फाटकाशी सोडायला आली तेव्हा ती ताईंना म्हणाली, "काकू, तुम्ही आल्या ते बरं झालं. पण त्या रात्री व्हरांड्यात मी एकटीच होते. ते आता कुणाला बदलता यायचं नाय."

रत्नमाला पुढच्या महिन्यात काम सोडून गेली. भांडून नाही. "राग नाय काकू," ती म्हणाली. "पर आता तुमच्या घरात हात चालत नाय." मीनाक्षीताईंनी तिला थांबवलं नाही, थांबवायचा हक्क आपण गमावला, हे त्यांना कळत होतं. त्या दिवशी त्यांनी सोसायटीच्या फलकावर स्वतःच्या सहीनं कागद लावला: 'आमच्या घरात ढेकूण झाले होते. कुणाकडे झाले असल्यास लाजू नये, औषध एकदम सगळ्यांनी मारावं.' संध्याकाळपर्यंत तीन घरांतून दबक्या आवाजात फोन आले. त्यातलं एक घर वर्षभर गुपचूप सोसत होतं.

मित्रांनो, ढेकूण गरीब-श्रीमंत बघत नाही, जातपात बघत नाही; ते बघतो तो माणूस. ढेकूण होणं ही लाजेची गोष्ट नाही, ते लपवून दुसऱ्याच्या घरी पाठवणं ही आहे. दिवाळीला आपण माळ्यावरून जुनं काढतो, 'कुणा गरिबाला उपयोगी पडेल' म्हणतो. पडेलही! पण ज्या गादीवर आज रात्री आपण स्वतः झोपणार नाही, तिचा दोष घेणाऱ्याला आधी सांगावा, आणि घ्यायचं की नाही हे त्याला ठरवू द्यावं. सांगायला एक मिनिट लागतं. मीनाक्षीताईंना चार महिने लागले, आणि तोवर नऊ वर्षांचा विश्वास संपला होता.